डिझेल ट्रकसाठी मीटर निवडताना

बुलडाणा जिल्ह्यात 'घाटाखाली' आणि 'घाटावर' हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. मलकापूर-नांदुऱ्याच्या सखल भागातून माल भरून निघालेला ट्रक राजूर घाट चढू लागला, की ऐन उन्हाळ्यात इंजिनाची कसोटी लागते आणि उतरताना सारी भिस्त ब्रेकच्या हवेवर असते. अशा वेळी डॅशबोर्डवरील जुना काटा अडकलेला असेल, तर धोका वाफ निघाल्यावरच कळतो. म्हणूनच बाजारातून वेगळे मीटर बसवताना किमतीपेक्षा अचूकतेकडे पाहणे शहाणपणाचे ठरते.

प्राधान्य कशाला?

ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान आणि ब्रेकच्या हवेचा दाब ही तीन मीटर सर्वप्रथम विश्वसनीय असावीत. टर्बोचा दाब किंवा धुराचे तापमान दाखवणारी मीटर उपयुक्त असली, तरी त्यांचा क्रम त्यानंतरचा.

खरेदीची पारख

अवजड ट्रकची विद्युत यंत्रणा सहसा 24 व्होल्टची, तर अनेक लहान वाहनांची 12 व्होल्टची असते. मीटर त्यानुसारच घ्यावे. मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे असणे त्याहून महत्त्वाचे आहे. प्रचलित युरोपीय पद्धतीत ऑइल प्रेशर वाढताना सेन्सरचा विद्युतरोध 10 पासून सुमारे 180 ओहमपर्यंत वाढतो. अमेरिकी पद्धतीत तो 240 वरून 33 ओहमपर्यंत घटतो. जोडी चुकल्यास काटा उलट दिशेने फिरतो.

नेहमीचा दाब तबकडीच्या साधारण मध्यावर किंवा त्याच्या थोडा पुढे यावा. हवेचा दाब 8 बारच्या आसपास राहत असेल, तर 0 ते 12 बारची तबकडी सोयीची. एकके तपासावीत : 1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय.

यांत्रिक मीटरला वीज लागत नाही. परंतु ऑइल प्रेशरच्या अशा मीटरमुळे गरम ऑइलची नळी थेट केबिनमध्ये येते. ती फुटल्यास भाजण्याचा धोका असतो. त्यामुळे केबिनसाठी विद्युत मीटर अधिक सुरक्षित.

बसवताना

ऑइल प्रेशरचा मूळ इशारा-स्विच काढून टाकू नये. टी-जोड लावून दोन्ही ठेवावेत. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, म्हणून तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळणे टाळावे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या गाड्यांत मूळ सेन्सरची वायर कापू नये. त्यावर इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अवलंबून असते.

पडताळणी

तापमानाचा सेन्सर अर्थिंग जोडून उकळत्या पाण्यात धरावा. बुलडाण्याच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंश सेल्सिअसला उकळते. काटा तेथून बराच दूर राहिल्यास मीटर परत करावे.

उत्तम मीटरलाही एक मर्यादा आहे. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन तापत असूनही काटा खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक उतरला, तर ते शुभचिन्ह न मानता ट्रक बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी.