छायाचित्रांचें अस्सलपण

कागदाच्या अस्सलपणाविषयीं आपले संशोधक जितके दक्ष असतात, तितके छायाचित्राविषयीं नसतात. पत्र हातीं येतांच अक्षराचें वळण, शाई, मायना, शिक्का, तिथि व वार यांचा मेळ आपण पाहतों. छायाचित्र मात्र यंत्रानें काढिलेलें म्हणून सहज ग्राह्य धरतों. आतां दप्तरांतील कागदांऐवजीं त्यांचीं छायाचित्रेंच मोबाइलवरून हातीं येऊं लागलीं आहेत. अशा वेळीं चित्राची पारख हाच कागदाच्या पारखेचा पाया ठरतो. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार येथें करीत आहों.

चित्रांत फेरफार करण्याची विद्या संगणकाहून जुनी आहे. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहांत ‘जनरल ग्रँट ॲट सिटी पॉईंट’ या नांवाचें एक चित्र आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील सेनापति ग्रँट छावणीपुढें घोड्यावर बसला आहे, असें त्यांत दिसतें. वस्तुतः तें तीन निरनिराळ्या चित्रांचे तुकडे जुळवून केलेलें आहे. शिर ग्रँटचें, सन १८६४ मधील कोल्ड हार्बर येथील चित्रांतून घेतलेलें. धड व घोडा जनरल मॅककुक याच्या चित्रांतील. आणि मागचे लोक फिशर्स हिलच्या लढाईंत पाडाव झालेले शत्रुपक्षाचे कैदी! चित्रावरील स्वामित्वहक्काचें साल १९०२ आहे, आणि ग्रँट तर १८८५ सालींच वारला होता.

मान व धड यांचा मेळ नीट बसत नाहीं, ही येथें शंकेची जागा. परंतु शंका म्हणजे निर्णय नव्हे. निर्णयास बळकटी आली ती तिन्ही मूळ चित्रें शेजारीं ठेवल्यामुळें. नकलेचा वाद अस्सल पुढें आल्यावर मिटतो, हा आपल्या शास्त्रांतील नियम येथेंहि लागू पडला.

डिजिटल चित्रांत काच नसली तरी खुणा असतात. सन २००६ च्या ऑगस्टांत बेरूतवरील हल्ल्याच्या एका चित्रांतील धुराचे लोट एकाच नमुन्याचे पुनःपुन्हां आलेले वाचकांस दिसले. धूर दाट दिसावा म्हणून त्याचाच भाग उचलून पुन्हां चिकटविला होता. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें तें चित्र मागें घेतलें, इतकेंच नव्हे, तर त्या छायाचित्रकाराचीं सर्व ९२० चित्रें विक्रींतून काढलीं.

दुसरी खूण सूक्ष्म आहे. झिजलेल्या शिक्क्याचा टवका जसा त्याच्या प्रत्येक ठशांत उमटतो, तसा कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वाभाविक असमानपणा त्याच्या प्रत्येक चित्रांत उतरतो. लुकाश, फ्रिडरिक व गोल्यान यांनीं सन २००६ मध्यें यावरून कॅमेरा ओळखण्याची रीत मांडली. बाहेरून आणून चिकटविलेल्या भागांत ही खूण जुळत नाहीं. फाईलींत नोंदलेली तारीख व वेळ हें मात्र दुबळें प्रमाण. कागदाच्या पाठीवरील शेऱ्याप्रमाणें तें मागाहूनहि लिहितां येतें.

या साधनांची मर्यादाहि ओळखिली पाहिजे. संदेशांतून पाठविलेलें चित्र बहुधा लहान करून पुन्हां दाबलें जातें. त्यांत या खुणा पुसट होतात. म्हणून दोष आढळला नाहीं एवढ्यावरून चित्र अस्सल ठरत नाहीं. त्यांतच आतां कॅमेऱ्याशिवाय चित्रें निघूं लागलीं आहेत. सन २०२३ च्या मार्चांत पोप फ्रान्सिस पांढरा फुगीर कोट घालून चालले आहेत असें चित्र जगभर फिरलें. तें मिडजर्नी या कृत्रिम बुद्धीच्या साधनानें केलेलें होतें. ग्रँटच्या चित्राचे मूळ तुकडे तरी सांपडले. येथें शेजारीं ठेवावयास मूळच नाहीं.

तेव्हां भरंवसा ठेवावयाचा तो परंपरेवर. चित्र कोणीं, केव्हां व कोणत्या यंत्रानें काढिलें, तें कोणाकडून आलें आणि मूळ कागद आज कोठें आहे, हें विचारल्यावांचून संग्राहकांनीं तें स्वीकारूं नये. कॅमेऱ्यांतील मूळ फाईल, कागदाच्या दोन्ही बाजू व चारी कडा मागवाव्या; आणि महत्त्वाचा निष्कर्ष काढण्यापूर्वीं कागद स्वतः पाहावा. बनावट चित्र एकदां छापलें गेलें कीं पुढील लेखक त्याचाच आधार देतात, आणि तें उपटून काढण्यांत एक पिढी खर्ची पडते. नव्या दप्तरासहि जुनीच कसोटी लावावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.