वारा आत, वारा बाहेर : घरगुती शर्यत-मोटारीतील वायुगतिकी व शीतकरण यांचा इतिहास

प्रास्ताविक

मोटारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परवाने, भांडवल, उत्पादनाचे आकडे आणि कामगारांचे प्रश्न हे त्याचे ठरलेले विषय. घराच्या मागील शेडमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात एकट्यादुकट्याने बांधलेली मोटार या इतिहासात सहसा येत नाही. आलीच तर 'छंद' म्हणून दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात शर्यतीच्या मोटारीभोवती वाहणाऱ्या हवेविषयी आज जे ज्ञान प्रमाण मानले जाते, त्याचा मोठा भाग अशा घरगुती बांधणीतूनच पुढे आला आहे. त्यातही वाऱ्याचा रोध कमी करणे आणि इंजिन थंड ठेवणे हे दोन प्रश्न एकच आहेत, ही समज सर्वांत उशिरा आली. प्रस्तुत लेखात या समजुतीचा प्रवास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय वर्ध्यासारख्या जिल्ह्याला परका वाटण्याचे कारण नाही. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) परिसरात मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी कुटाराने भरते, काटा लाल रेषेकडे सरकतो आणि चालक इंजिन बंद करून हाताने जाळी झाडतो. हा शीतकरणाचाच धडा होय. दुसरा धडा घरोघरी आहे. मे महिन्यात खिडकीला कूलर लावून खोलीची सर्व दारे बंद केली, तर पंखा कितीही मोठा असला तरी खोलीत गारवा येत नाही, दमटपणा मात्र वाढतो. समोरची खिडकी उघडल्यावरच हवा चालू लागते. आत येणाऱ्या वाऱ्याला बाहेर जाण्याची वाट हवी, हे विदर्भातील गृहिणीला ठाऊक असलेले तत्त्व शर्यत-मोटारींच्या जगाला अंगवळणी पडायला कित्येक वर्षे लागली.

विमानाकडून आलेला हिशेब

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी मोटारीसाठी झाली नाही, ती विमानासाठी झाली. ब्रिटनमधील फार्नबरो येथील संशोधन संस्थेतील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की, रेडिएटर उघड्या वाऱ्यात ठेवण्याऐवजी तो योग्य आकाराच्या नळीत ठेवल्यास त्याचा रोध पुष्कळ घटतो. नळीचे तोंड लहान ठेवायचे आणि आत ती हळूहळू रुंद करायची. रुंद भागात हवेचा वेग कमी होतो व दाब वाढतो. मंदावलेली हवा रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून जाताना उष्णता घेते; नंतर नळी पुन्हा निमुळती होते आणि तापलेली, प्रसरण पावलेली हवा वेगाने मागे सोडली जाते. हवेचा वेग निम्मा केला तर रेडिएटरमधील दाबाची हानी साधारण एक चतुर्थांशावर येते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मात्र तितकी घटत नाही. सगळा फायदा या तफावतीत आहे. १९३६ मध्ये प्रथम उडालेल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांखाली आणि १९४० च्या मस्टँगच्या पोटाखाली याच तत्त्वावर रेडिएटर बसवले गेले. १९४५ मध्ये अमेरिकेतील नाका या संस्थेच्या अभियंत्यांनी पृष्ठभागाच्या आत बुडवलेले, रुंद होत जाणारे प्रवेशद्वार मांडले. आज ते जवळपास प्रत्येक शर्यत-मोटारीवर दिसते आणि त्याच संस्थेच्या नावाने ओळखले जाते.

युद्ध संपले. विमान कारखान्यांतील माणसे आणि वापरून टाकलेले सुटे भाग दोन्ही मोकळे झाले. घरगुती मोटारीचा खरा काळ येथून सुरू होतो.

गाळ्यातील मोटारी

इंग्लंडमधील सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. १९४६ मध्ये त्यांच्या मुलाने, जॉनने, फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे दोन पुढचे भाग एकमेकांना जोडून सांगाडा तयार केला आणि चालकाच्या मागे मोटारसायकलचे ५०० सीसीचे जॅप इंजिन बसवले. इंजिन मागे ठेवण्यामागे कोणताही महान सिद्धांत नव्हता. साखळीने मागची चाके फिरवणे सोपे जात होते, एवढेच. या सोयीतून निघालेल्या मांडणीने १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम यांना विश्वविजेतेपद मिळवून दिले आणि पुढील काही वर्षांत पुढच्या इंजिनाची शर्यत-मोटार कालबाह्य झाली. पण इंजिन मागे गेले तरी नव्या मोटारींत पाण्याचा रेडिएटर नाकाडातच राहिला. गरम पाण्याच्या नळ्या चालकाच्या शेजारून जात. बिचारा चालक स्वतःच शीतकरण व्यवस्थेचा भाग बनला होता.

कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये आपल्या मैत्रिणीच्या घरामागील गाळ्यात ऑस्टिन सेव्हन या जुन्या मोटारीवर पहिली लोटस बांधली. त्यांच्या कामाला वळण मिळाले ते फ्रँक कॉस्टिन यांच्यामुळे. कॉस्टिन हे डी हॅविलँड या विमान कंपनीत वायुगतिकीचे काम करीत. १९५४ च्या लोटस मार्क आठचा देह त्यांनी विमानाच्या नियमांनी आखला. त्यानंतर त्यांनी आखलेल्या व्हॅनवॉलने १९५८ मध्ये उत्पादकांसाठीचे पहिले विजेतेपद जिंकले. कॉस्टिन यांनी केवळ सुंदर आकार दिला असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या मोटारींची तोंडे त्या काळातील इतर मोटारींच्या मानाने लहान होती. मोठे तोंड म्हणजे जास्त गारवा, या सर्वमान्य समजुतीला तो उघड नकार होता. हवा किती घ्यायची यापेक्षा घेतलेली हवा कोठून कोठे न्यायची हे महत्त्वाचे, हा विचार कारखान्याच्या मोटारींत नंतर आला. हौशी गाळ्यांत आधी आला. गाळेवाल्याकडे अश्वशक्ती विकत घेण्याइतके पैसे नव्हते, हे त्याचे साधे कारण. वाऱ्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लहान इंजिनवाल्याला रोध कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पंख, पंखा आणि नियम

१९५६ मध्ये मायकेल मे या विशीतील स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे ५५० वर, चालकाच्या डोक्यावर, उलटा पंख बसवून ती नुर्बुर्गरिंगवर आणली. विमानाचा पंख वर उचलतो, हा मोटारीला खाली दाबत होता. सरावातील वेळ पाहून अधिकाऱ्यांनी पंख काढायला लावला. मागील चालकाला पुढचे दिसणार नाही असे कारण देण्यात आले. ही कल्पना मग दहा वर्षे पडून राहिली. १९६६ मध्ये टेक्सासच्या जिम हॉल यांनी चॅपारल २ई वर उंच खांबांवर पंख उभारला आणि त्याच मोटारीत रेडिएटर नाकाडातून काढून चालकाच्या दोन्ही बाजूंना नेले. इतिहासकार पंखाचे वर्णन करतात. रेडिएटरच्या स्थलांतराकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः नाकाड मोकळे झाल्यामुळेच पुढचा भाग हवा खाली दाबण्यासाठी वापरता आला. १९७० च्या लोटस ७२ मधील पाचरीसारखा आकार याच वाटेने आला.

मधल्या काळात पंखांनी बळी जाता जाता वाचवले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील मोंजुइक येथे ग्रॅहम हिल व योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले आणि दोन्ही मोटारी कठड्यावर आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅको येथे उंच पंखांवर बंदी आली. चित्रे पाहून पंख बसवणाऱ्या आजच्या हौशी बांधकाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. शेकडो किलोचा दाब निर्माण करणारी वस्तू दोन बोल्टांवर तोलत नाहीत.

शीतकरण आणि वायुगतिकी यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे, आणि काहीसे विनोदी रीतीने, १९७८ मध्ये उघड झाले. ब्रॅबमचे अभिकल्पक गॉर्डन मरे यांनी बीटी४६ मध्ये प्रथम नेहमीचे रेडिएटर काढून टाकले आणि मोटारीच्या अंगावरच उष्णता सोडणारे सपाट पत्रे बसवले. रोध घटला, पण इंजिन तापू लागले. ती योजना सोडून द्यावी लागली. त्यानंतर त्यांनी मागे मोठा पंखा बसवला. हा पंखा इंजिनावर आडव्या ठेवलेल्या रेडिएटरमधून हवा ओढत असे. सोबतच मोटारीखालचीही हवा ओढली जाई आणि मोटार जमिनीला चिकटे. हलणाऱ्या वायुगतिकी साधनांना नियमाने मनाई होती. पंख्याचे मुख्य काम शीतकरण हेच, असा ब्रॅबमचा युक्तिवाद होता; अर्ध्याहून अधिक हवा रेडिएटरसाठीच जाते एवढे दाखवून तो टिकवण्यात आला. निकी लाउडा यांनी १७ जून १९७८ रोजी स्वीडनमध्ये ती मोटार पहिल्या क्रमांकाने आणली. पुढे ती शर्यतीत उतरली नाही. 'ही हवा गारव्यासाठी की दाबासाठी?' हा प्रश्न नियमकर्त्यांना विचारावा लागला, यातच दोन्ही हिशेब एक झाल्याची कबुली आहे.

भारतीय उन्हाचा प्रश्न

वरील इतिहास थंड हवेच्या देशांत घडला. युरोपात १५ अंश सेल्सिअसला धावणाऱ्या मोटारीत पाणी ९५ अंशांवर असेल, तर पाणी व हवा यांतील फरक ८० अंशांचा असतो. विदर्भात मे महिन्यातील ४५ अंशांना हाच फरक ५० वर येतो. शिवाय ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वेग आणि उष्णता काढण्याची शक्ती निम्म्याच्या जवळ. परदेशी पुस्तकातील मापे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत याचे कारण हे आहे. यावर सोपा उपाय म्हणून तोंड मोठे केले जाते. त्यामुळे रोध वाढतो, इंजिनावरचा भार वाढतो आणि उष्णताही वाढते.

महाराष्ट्रात घरगुती मोटार बांधणीचे सर्वांत उल्लेखनीय उदाहरण इचलकरंजीचे आहे. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये आपल्या 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित नमुने बांधत राहिले. १२ हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला मोटार मिळावी, हा त्यांचा हेतू होता. ती शर्यतीची मोटार नव्हती. पण इंजिन मागे ठेवल्यामुळे समोरचा वारा इंजिनाला आपोआप मिळत नाही, तो ओढून आणावा लागतो, ही अडचण कूपरच्या वारसांइतकीच या मांडणीलाही होती. मीरा उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. परवाना आणि भांडवल यांच्या काळात एकट्या कारागिराच्या चिकाटीला शासनव्यवस्थेत जागा नव्हती, असे म्हणावे लागते. वर्ध्यात तर जमनालाल बजाज यांच्या इंजिन काढलेल्या फोर्ड मोटारीला बैल जोडले गेले आणि 'ऑक्सफर्ड' हे नाव पडले. त्या एका मोटारीला शीतकरणाचा प्रश्न नव्हता!

शर्यतीच्या क्षेत्रात स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर व मद्रासजवळील शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर स्थानिक कारागिरांनी बदललेल्या मोटारी धावल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन घेऊन एकासनी शर्यत-मोटार बांधली आणि परवडणारा वर्ग निर्माण केला. नारायण कार्तिकेयन यांच्यासारखे चालक याच वर्गातून पुढे आले. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. २००३ मध्ये उघडलेल्या कोइम्बतूरच्या धावपट्टीला त्यांचे नाव आहे.

आज हौशी बांधकाऱ्याच्या हाती बहुधा जुनी मारुती किंवा तत्सम मोटार असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार करून ती रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक कडक केली. त्यामुळे अशी मोटार बंद धावपट्टीपुरतीच उरते. या मोटारींत एक चूक वारंवार दिसते. बॉनेटची मागची कड वॉशर घालून वर उचलली जाते, जेणेकरून गरम हवा बाहेर पडावी. परंतु समोरच्या काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो. मोटार वेगात असताना हवा तेथून बाहेर पडण्याऐवजी उलट आत शिरते. बाहेर पडण्याची योग्य जागा बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे वारा वळताना दाब घटतो तेथे असते. दुसरी चूक रेडिएटरच्या कडेच्या फटींची. हवा नेहमी सोपी वाट धरते. फट राहिली तर ती रेडिएटर टाळून निघून जाते. पत्रा आणि फोमची पट्टी यांनी फटी बुजवणे हे कोणत्याही पंखापेक्षा स्वस्त काम आहे.

मोजमापही महाग नाही. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवली की दाबमापक तयार होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ४५ मिलिमीटर पाण्याइतका भरतो. रेडिएटरच्या पुढे व मागे अशा दोन नळ्या लावल्या की हवा खरोखर जाते की नाही हे दिसते. लोकरीचे धागे चिकटवून वाऱ्याची दिशा पाहता येते. उफणणी करताना भूस कोणीकडे उडतो ते पाहून जागा बदलणाऱ्या शेतकऱ्याची ही पद्धत आहे, फक्त धागा नवा.

महाविद्यालयांतील मोटारी

हौशी गाळ्याची जागा आता बऱ्याच अंशी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांनी घेतली आहे. अमेरिकेत १९८१ पासून विद्यार्थ्यांसाठी शर्यत-मोटार बांधणीची स्पर्धा सुरू झाली. भारतात २००७ पासून बाहा आणि २०११ पासून सुप्रा या स्पर्धा आल्या, आणि महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ त्यांत उतरतात. या प्रकारच्या स्पर्धेतील सहनशक्तीची फेरी सुमारे २२ किलोमीटरची असते. नियमानुसार इंजिन थंड करण्यासाठी साधे पाणीच वापरावे लागते. मध्यावर चालक बदलताना इंजिन बंद होते, पाणी फिरणे थांबते, इंजिनाच्या भिंतींतील उष्णता साठते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. वर्षभराची मेहनत या तीन मिनिटांत संपते. पंखावर खर्च केलेला निधी आणि पंख्याच्या जोडणीवर न केलेला विचार अशा वेळी समोरासमोर येतात.

स्पर्धेत अभिकल्पाची तोंडी परीक्षाही असते. परीक्षक पंखाच्या आकाराविषयी विचारतात, तसेच रेडिएटरमागील हवा कोठून बाहेर पडते आणि ते कसे मोजले, हेही विचारतात. त्या उत्तरासाठी संघाने पाण्याची नळी कोठे लावली, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या वेगाला किती आकडा मिळाला, याची वही लागते. संघातील विद्यार्थी चार वर्षांत बाहेर पडतात. वही कपाटात राहिली तर पुढच्या संघाला मीराप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.