बेगमी आणि महागाई

बेगमी हा शब्द आपल्या कोकणात इतका मुरला आहे, की तो बाहेरून आला असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण तो फारसी आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता, दुःख. बेगमी म्हणजे बिनघोर असणे. पावसाळ्याचे चार महिने घरात काय आहे आणि काय नाही याचा घोर नसणे, म्हणून पावसाची बेगमी. कविता लिहिणाऱ्याला शब्दाची साल काढून बघण्याची खोड असते, ती मलाही आहे. आमच्या आरोंद्याच्या खाडीपलीकडे, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, याच साठवणीला 'पुरुमेत' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज. तेरेखोल खाडीच्या एका काठावर सुक्या बांगड्याला फारसी नाव आणि दुसऱ्या काठावर पोर्तुगीज! महागाई हा शब्द मात्र संस्कृतातल्या 'महार्घ'पासून आला. तो आपल्याला कुणाकडून उसना घ्यावा लागला नाही.

आज महागाईवर बोलताना आपण वर्तमानपत्रातल्या टक्केवारीपासून सुरुवात करतो. मला वाटते, ती स्वयंपाकघरातून करावी. पूर्वी वैशाख सरत आला, की आमच्याकडच्या बायकांची धांदल उडायची. शिरोड्याच्या मिठागरांतले मीठ, वाळवलेल्या मिरच्या, सोलं, गोळा करून ठेवलेली चिंच, कांद्याच्या माळा, गूळ, कुळीथ, सुकी सुंगटे, खारवलेल्या कैऱ्या, फणसाच्या आठळ्या, कणगीत उकडे तांदूळ आणि पडवीत रचलेली लाकडे. आमच्या घरी यात हाताने वळलेल्या शेवयांची भर असे, कारण ईद पावसात येवो की उन्हाळ्यात, शेवया उन्हातच वाळवाव्या लागतात. हे सगळे हौसेने चालत नव्हते. पावसात समुद्र बंद, वेंगुर्ल्याला लागणाऱ्या बोटी बंद, खाडी फुगलेली, रस्ते चिखलाचे. माल येणार नाही आणि दुकानात असेल तो वाणी सांगेल त्या भावाने घ्यावा लागेल, हे ठाऊक असायचे. म्हणजे बेगमी हा पावसाविरुद्धचा होता तितकाच भाववाढीविरुद्धचाही विमा होता. स्वस्ताईत घ्यायचे आणि महागाईत बाजाराकडे पाठ फिरवायची.

पण या विम्याला हप्ता लागतो, आणि तो रोख लागतो. इथे आपल्या आठवणी थोड्या लबाडी करतात. बेगमीच्या गोष्टी सांगणारी घरे बहुधा ज्यांची कणगी भरत होती त्यांची असतात. बाकीच्यांची बेगमी आषाढातच संपायची.

भाताचे पाहा. आपल्या पट्ट्यात भात पिकते, तरी ते वर्षभर पुरत नव्हते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यालाही नाही आणि सावंतवाडी संस्थानालाही नाही, ज्यात तेव्हा आरोंदा होते. तूट भरून निघायची ती बाहेरच्या तांदळाने, आणि त्यात रंगूनचा तांदूळ मोठा होता. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रह्मदेश हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता. वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ तिथून बाहेर जाई आणि त्यातला मोठा वाटा हिंदुस्थानात येई. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ती वाट बंद झाली. एखाद्या घरातल्या पेजेचा संबंध इतक्या लांबच्या बंदराशी असतो, हे कोकणाला तेव्हा कळले. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले, आणि त्याच साली बंगालात लाखो माणसे दुष्काळात मेली.

त्या दिवसांविषयी मी माझ्या आजीकडून ऐकले. भाताच्या जागी नाचणी आली, वरी आली. पेज पातळ झाली. पावसात टाकळा, अळू, जे उगवेल ते शिजले. आजी हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे. तिचा एक शब्द होता, 'भागवलं'. मराठीत या शब्दाला फार मान आहे. पण भागवले म्हणजे नेमके काय केले, हे विचारले तर उत्तर असे मिळते, की आधी पुरुष जेवले, मग मुले, मग सासू आणि मग भांड्याच्या तळाला जे राहिले ते तिने घेतले. भाव बाजारात वाढतो, पण तो वसूल होतो एका विशिष्ट ताटातून. आजीच्या काटकसरीचे कौतुक करणारे लेख मी बरेच वाचले आहेत. त्यांत हे ताट बहुधा नसते.

या सगळ्यात आमच्या गावाला एक वेगळीच गंमत पाहायला मिळाली. गंमत म्हणायची ती आज. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला, आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. ज्या खाडीतून होड्या सोयरिकीला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जात, ती सरहद्द झाली. मग गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. या काठावर बटाटा घाटावरचा आणि हाकेच्या अंतरावर, पलीकडच्या काठावर, हॉलंडचा! पोर्तुगीज सरकारने पैसे ओतून दुकाने भरलेली ठेवली, म्हणून परदेशी मालाची तिकडे चैन होती. अशा वेळी दोन काठांतल्या भावांत जो फरक पडतो, त्यावर रात्रीच्या होड्या चालतात. कायद्याने ती चोरटी आयात होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि खाडी पुन्हा खाडी झाली. भावातला फरक मात्र सरकारे बदलली तरी कुठे ना कुठे उरतोच. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा कर जवळपास काढून टाकला, तेव्हा आमच्याकडच्या किती गाड्या किरणपाणीच्या वाटेने तहान भागवायला गेल्या, ते सगळ्यांनी पाहिले आहे.

आता रोख पैशाकडे येतो, कारण बेगमीचा हप्ता तिथूनच भरला जायचा. कोकणातले रोख म्हणजे मुंबईची मनीऑर्डर. गिरणीतला चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. महागाई भत्ता हा आज सरकारी नोकराच्या पगारपत्रकातला शब्द आहे, पण त्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी मार्च १९४० मध्ये मोठा संप केला होता. तो भत्ता मिळाला म्हणून मनीऑर्डर थोडी वाढली आणि त्यातून इथली मिरची आणि गूळ आला.

त्या खाणावळीचे गणित मला फार महत्त्वाचे वाटते. एखादी बाई, बहुधा कोकणातली किंवा घाटावरची, नवऱ्याची नोकरी गेलेली किंवा पगार अपुरा, आपल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करी. जेवणाचे पैसे महिन्याच्या शेवटी मिळत आणि दर महिन्याच्या सुरुवातीला ठरलेला असे. किराणा मात्र तिला रोजच्या भावाने, वाण्याकडून उधारीत आणि व्याजाने घ्यावा लागे. मधल्या पंधरवड्यात तेल वाढले तर ती वाढ कुणाकडून घेणार? गावचाच माणूस ताटावर बसलेला असतो. मग आमटीत पाणी वाढे आणि स्वतःच्या वाट्याचे कमी होई. संपाच्या काळात तर पगारच नसायचा, तरी या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. त्यासाठी दागिने गहाण टाकले. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखले आणि १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना कर्ज मिळवून देणे हे त्यांचे पहिले काम. ते ऐकायला साधे आहे. पण व्याजाचा फास सुटला, की महागाईचा अर्धा चावा जातो, हे त्यांना कळले होते.

त्याआधी तीन वर्षे आणखी एक गोष्ट घडली होती. १९७२ च्या दुष्काळाचा तो काळ. रेशनवर लाल मिलो यायची, ती खाल्लेल्या पिढीला आजही तिचा वास आठवतो. तेल, साखर, रॉकेल यांच्या रांगा. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या. त्यांनी मोर्चात लाटणी आणली, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले, दडवलेला माल बाहेर काढायला लावला. पुढाऱ्यांनी सुरुवातीला याची थट्टा केली. पण मला त्या लाटण्याचे महत्त्व वाटते ते असे, की जे आजवर स्वयंपाकघरात गुपचूप 'भागवले' जात होते, ते पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर हिशेब मागायला आले. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर भाव आणखी भडकले. १९७५ ला आणीबाणी आली आणि मोर्चे बंद झाले. १९७७ ला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, दोघीही लोकसभेवर निवडून गेल्या.

मनीऑर्डरीचा काळ १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने संपला. त्याविषयी खूप लिहिले गेले आहे, मी त्यात शिरत नाही. गिरण्या गेल्या, खाणावळी ओसरल्या, आणि मुंबईच्या पोटाला वडापाव मिळाला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला, असे सांगतात. आज तो आरोंद्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे आहे.

या वड्याचा एक लांबचा भाऊ आहे, कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदादमध्ये. ऊसमळ्यांवर मजुरीसाठी भोजपुरी मुलखातून नेलेल्या लोकांनी तिथे हरभरा आणि पिठाची आठवण नेली. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाऊन या गावी दीन आडनावाच्या एका मुसलमान कुटुंबाने तळलेल्या बाऱ्यावर हरभऱ्याची उसळ घालून ती विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणे एका बाऱ्याऐवजी दोन मागू लागले, म्हणून नाव पडले 'डबल्स'. गरिबाची न्याहारी. पण त्रिनिदादला गहू पिकत नाही, तो सगळा बोटीने येतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गहू महागला तेव्हा तिथे पीठ महागले आणि डबल्सही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली आणि आपल्याकडचा भजीवाला हवालदिल झाला. रंगून गेले, त्याच्या जागी जकार्ता आले, इतकेच. कॅरिबियन देशांनी मिळून ठरवले, की २०२५ पर्यंत अन्नाची आयात पाव हिश्शाने कमी करायची. ते जमले नाही, तेव्हा मुदत २०३० पर्यंत वाढवली.

आमच्या परसात नीरफणसाचे झाड आहे. रवा लावून तळलेले त्याचे काप मला माशाइतकेच आवडतात. हेच झाड १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून जहाजात घालून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला नेले. कारण काय, तर मळ्यांवरच्या गुलामांना कमी खर्चात पोसता यावे. स्वस्त अन्न कुणासाठी शोधले जाते आणि त्याचा फायदा कुणाला होतो, हे नेहमी एकच उत्तर देत नाही. सुरुवातीला त्या गुलामांना ते फळ आवडले नाही, असे म्हणतात. पुढे मात्र ते तिथल्या घराघरात गेले. आज तिकडे महागड्या आयात पिठाला पर्याय म्हणून पुन्हा त्याच फळाकडे बघतात.

आणि इकडे? महागाईने आता आपली चाल बदलली आहे. भाव वाढवला तर ओरड होते, म्हणून पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांचा राहतो आणि आतली बिस्किटे कमी होतात. वडा लहान होतो, पाव हलका होतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा मॅकडोनाल्डने उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच दुकानांत बर्गरमधला टोमॅटोच काढून टाकला. खाणावळवाली आमटीत पाणी घालायची, तेच हे. फरक इतकाच, की तिला ते करताना लाज वाटायची.

बेगमीही उलटी झाली आहे. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांचा मसाला, दोन रुपयांची चहापूड. ज्याच्याकडे रोख कमी, तो लहान पुडी घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. ज्याच्याकडे गाडी आणि पैसा, तो शहरातल्या मोठ्या दुकानातून महिन्याचे सामान एकदम आणतो, म्हणजे खरी बेगमी तोच करतो. रेशनवरचे धान्य २०२३ च्या जानेवारीपासून फुकट झाले, आणि ज्यांनी मिलोचे दिवस काढले त्यांना त्याची किंमत कळते. पण २०२५ मध्ये नारळाने जे डोके वर काढले, त्याला रेशन दुकानात उत्तर नव्हते. नारळाच्या गावात नारळ मोजून वापरायची वेळ आली. ज्यांची झाडे आहेत त्यांना पाडेली मिळेना आणि ज्यांची नाहीत त्यांना भाव परवडेना.

त्या पावसाळ्यात रेशनच्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या काकी होत्या. पिशवीत तांदूळ पडले, अंगठा उमटला, आणि त्या वळून म्हणाल्या, "तांदूळ फुकट गावले, पण आमटी कसली करू?" मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी मग आपापले उपाय सांगितले. एकीने अर्ध्याच वाटीत भागवायची युक्ती सांगितली, दुसरीने कुळथाची पिठी सुचवली. तिला खोबरे लागत नाही.