वाढणारे मेज

घरची माणसे सहा आणि सणाला येणारे पाहुणे सोळा, ही अडचण जमिनीवर बसून जेवणाऱ्या समाजाला फारशी जाणवत नाही. आणखी चार पाट मांडले की पंगत वाढते. मेजावर जेवणाऱ्याला मात्र ती सुताराकडे न्यावी लागते. इंग्लंडमधील जेवणाच्या मेजाचा इतिहास बऱ्याच अंशी या एका अडचणीचा इतिहास आहे.

मध्ययुगातील सरदारांच्या वाड्यात लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत आणि जेवणे आटोपली की त्या उचलून ठेवीत. सोळाव्या शतकात मेजाला कायमची जागा मिळाली, तेव्हा ओढून काढावयाच्या फळ्यांचे मेज प्रचारात आले. वरच्या फळीखाली दोन फळ्या दडवलेल्या असत व त्यांच्या तळाशी निमुळत्या पट्ट्या जोडलेल्या असत. ओढताना खालची फळी वरचीला किंचित उचली. पूर्ण बाहेर आली की वरची अलगद खाली बसे आणि सर्वांची पातळी एक होई. बिजागरीवाचून साधलेली ही युक्ती नंतरच्या कित्येक खटपटींहून सुबक म्हटली पाहिजे.

अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरी भोजनासाठी स्वतंत्र दालन राखण्याची चाल रुळली आणि मेजे लांबत गेली. अर्धवर्तुळाकार टोकांची दोन मेजे आणि त्यांमध्ये तिसरे, अशी जोडणी करीत. तीत जितकी मेजे तितके पाय. कुणा ना कुणा पाहुण्याच्या गुडघ्याशी एक पाय यायचाच. १८०० साली लँकेस्टरच्या गिलो घराण्यातील रिचर्ड गिलो याने घेतलेल्या पेटंटाचा उद्देशच पाय कमी करणे व मेज सहज लहानमोठे करता येणे हा होता. त्याच्या मेजाची चौकट दुर्बिणीच्या नळीसारखी लांबते. तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद अशा खाचेत तशाच आकाराची पट्टी सरकते. त्यामुळे ती पुढेमागे जाते, पण खाचेतून वर निसटत नाही. अशा पट्ट्या एकीत एक गुंतवून चौकट ओढली की मध्ये मोकळी जागा पडते आणि तीत सुट्या फळ्या बसवता येतात. फळीच्या कडेच्या खुंट्या शेजारच्या फळीतील भोकांत बसतात, म्हणून सांध्यात उंचसखल राहत नाही. हे महत्त्वाचे होते, कारण त्या काळच्या रीतीप्रमाणे फलाहारापूर्वी मेजावरची चादर काढून घेत. चकाकणारे लाकूड आणि त्यातील प्रत्येक सांधा पाहुण्यांच्या नजरेसमोर येई.

हे सारे महोगनीवाचून अवघड होते. हे लाकूड रुंद फळ्यांत मिळते, सुकताना फार आकसत नाही आणि सहसा पिळवटत नाही. एरवी कपाटात पडून राहिलेली फळी सहा महिन्यांनी जागेवर बसवायची तर दुसरे काय हवे? १७२१ साली ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरील आयातकर उठवला, आणि जमैकाची महोगनी इंग्लंडमध्ये येऊ लागली. लँकेस्टर हे लून नदीवरील बंदर गुलामांच्या व्यापारात लंडन, लिव्हरपूल आणि ब्रिस्टल यांच्यामागोमाग होते. तेथून सुटलेली जहाजे आफ्रिकेतून माणसे वेस्ट इंडीजमध्ये नेत. त्या बेटांतून बंदरात साखर, रम आणि महोगनी येई. गिलोंच्या कारखान्यात हेच लाकूड रंधले जाई आणि तयार सामान त्याच बेटांवरील मळेवाल्यांनाही विकले जाई.

जमैकातील मोठी झाडे विरळ झाल्यावर तोड होंडुरासच्या उपसागराकडे, म्हणजे आजच्या बेलिझमध्ये, वाढली. तेथील तोडणारे मुख्यतः आफ्रिकी गुलाम होते. टोळीतला एक अनुभवी शोधक रानातल्या उंच झाडावर चढून ऑगस्टमध्ये पिवळ्या-तांबूस होणाऱ्या पालवीवरून महोगनी ओळखी. बुंधा खाली फार फुगलेला असल्याने जमिनीपासून बरेच वर माचाण बांधून घाव घालीत. कोरड्या दिवसांत, उन्हाच्या काहिलीमुळे रात्री, मशालींच्या उजेडात बैलांकडून ओंडके ओढवून नदीकाठी आणीत आणि पावसाच्या पुरात सोडून देत. बेलिझच्या राष्ट्रध्वजावर आजही दोन लाकूडतोडे आणि महोगनीचे झाड आहे. गिलोंच्या हिशेबवह्यांत लाकूड, मजुरी आणि खिळ्याकुलपांचा खर्च बारकाईने नोंदलेला सापडतो. त्यातले लाकूड हे मात्र बंदरावरच्या दरापासूनच सुरू होते.

१८३५ साली, ब्रिटिश वसाहतींतील गुलामी कायद्याने संपली त्याच्या पुढच्याच वर्षी, लंडनच्या रॉबर्ट जूप याने गोल मेजाचे पेटंट घेतले. त्याची वरची तबकडी फिरवली की पाचरीसारखे तुकडे केंद्रापासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधील फटींत जादा पाचरी बसवून मेज गोलच्या गोल मोठे होते. फळ्यांचा संच लहान आणि मोठा, असा दोन मापांचा मिळे. यंत्रकौशल्य म्हणून हे मेज अप्रतिम खरे, पण घराघरांत रुळले ते सरळ सरकपट्ट्यांचे मेजच. पुढे फिरत्या दांड्याने ते लांबवण्याची सोय झाली.

अशी जुनी मेजे आज संग्रहालयांत व विक्रीदालनांत दिसतात. पारख करणारा प्रथम ती पूर्ण लांबवून पाहतो. टोकांकडचा भाग दीडदोनशे वर्षांच्या उन्हाने फिकट झालेला असतो. मधल्या सुट्या फळ्या वर्षातील बहुतेक दिवस अंधाऱ्या कपाटात राहिल्यामुळे कितीतरी तांबड्या असतात.