ग्रब रेस्क्यू : एका काळ्या पडद्यामागचा इतिहास

#थ्रेड

१/ जुलै २०२०. टाळेबंदीमुळे त्या वर्षी माउलींची पालखी पायी आली नाही आणि आमच्या वेळापूरचा मुक्काम सुना गेला. महिनाअखेरीस घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्सचे एक नेहमीचे अपडेट झाले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एवढेच उमटले : ‘ग्रब_कॅलॉक’ हे चिन्ह सापडले नाही. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द आणि लुकलुकणारी रेघ.

त्या संगणकात अर्धनारी नटेश्वर मंदिर परिसरातील शिलालेखांची आणि वीरगळांची मी काढलेली छायाचित्रे होती. दुसरी प्रत नव्हती. दुरुस्तीच्या दुकानातून फोनवर निदान आले : “फॉरमॅट मारावा लागेल.”

२/ हे निदान चुकीचे होते. ते का चुकीचे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणकाचे एक मूळ कोडे आहे. कोणताही प्रोग्रॅम स्मृतीत आणायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोण आणतो? स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलावे, तसा हा प्रकार. ‘बूट’ हा शब्द त्या पट्ट्यावरूनच, म्हणजे ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफरॅक कार्यान्वित झाला; त्या पिढीच्या यंत्रांपुढेही हाच प्रश्न होता. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर तर पहिल्या आज्ञा माणसाला खटके वरखाली करून भराव्या लागत.

३/ १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसीला हार्ड डिस्कची जोड मिळाली आणि एक रचना रूढ झाली. डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यात विभागांचा तक्ता ६४ बाइटांचा, ओळखचिन्ह २ बाइटांचे, आणि सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी उरतात जेमतेम ४४६ बाइट. एवढ्या जागेत संपूर्ण बूटलोडर मावणे अशक्य. म्हणून तो टप्प्याटप्प्याने रचला गेला : छोटा मोठ्याला बोलावतो, मोठा त्याहून मोठ्याला.

४/ लिनक्सच्या आरंभीच्या काळात वर्नर आल्मेसबर्गर यांचा ‘लिलो’ प्रचलित होता. तो फायलींची नावे वाचत नसे. कर्नल डिस्कवर नेमका कोठे पडला आहे त्या जागांची यादी जवळ ठेवी. कर्नल बदलला आणि ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा द्यायची राहिली, की यादी खोटी ठरे आणि यंत्र अडून बसे.

५/ १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ‘ग्रब’ लिहिला. तो लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नू हर्डसाठी. युटा विद्यापीठाचे माख ४ हे सूक्ष्म-कर्नल सुरू करता यावे म्हणून. ग्रबला फाइल प्रणाली समजत असे, त्यामुळे तो कर्नल नावाने शोधी. १९९९ मध्ये गॉर्डन मात्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी त्याला अधिकृत ग्नू प्रकल्प केले. पुढे ओकुजींनी २००२ मध्ये ‘प्युपा’ नावाने नवे लेखन आरंभिले, तेच ग्रब २ झाले. त्याची २.०० ही आवृत्ती २०१२ ची.

६/ लिलोचा जुना रोग मात्र ग्रबमध्ये दुसऱ्या जागी शिल्लक राहिला. जुन्या बायोस पद्धतीत ग्रब २ चा गाभा डिस्कच्या आरंभीच्या मोकळ्या पट्टीत बसतो आणि त्याची मॉड्यूले ‘बूट’ फोल्डरात राहतात. दोन्ही एकाच आवृत्तीची असावी लागतात.

दप्तरखान्याचे उदाहरण घ्या. रुमालांचे क्रमांक नव्याने लावले, पण दारावरच्या कारकुनाच्या हाती जुनीच सूची राहिली. कागद सगळे जागेवर आहेत. सापडत मात्र एकही नाही.

७/ २९ जुलै २०२० रोजी एक्लिप्सियम या सुरक्षा संस्थेने ग्रब २ मधील ‘बूटहोल’ हा दोष जाहीर केला. ग्रबची मांडणी-फाइल वाचताना स्मृतीची मर्यादा ओलांडली जाई आणि ‘सिक्युअर बूट’चा पहारा चुकवता येई. वितरणांनी तातडीने दुरुस्त्या पाठवल्या. रेड हॅटच्या काही यंत्रांत शिम या सोबतच्या घटकातील चुकीमुळे यंत्रे सुरूच होईनात. इतर अनेकांकडे वेगळेच घडले : मॉड्यूले नवी आली, गाभा जुना राहिला. ‘ग्रब_कॅलॉक’ हे फलन नव्या गाभ्यात होते. जुन्याला ते ठाऊकच नव्हते.

८/ माझा संगणक या दुसऱ्या गटातला. आदल्या वर्षी मी सगळी प्रणाली नव्या एसएसडीवर उतरवली होती आणि जुनी डिस्क साठवणीसाठी आतच ठेवली होती. पॅकेजच्या नोंदीत पत्ता जुन्या डिस्कचाच होता. अपडेटने नवा गाभा तिच्यावर बसवला; बायोस मात्र एसएसडीवरून सुरू होत होता. चूक माझ्या विसरण्याची होती.

९/ उपाय. केवळ पत्ता चुकला असेल, तर रेस्क्यूमध्येच ‘एलएस’ने विभाग पाहावेत, ‘सेट प्रीफिक्स’ने ग्रबचे फोल्डर सांगावे, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. गाभा व मॉड्यूले विसंगत असतील, तर हे चालत नाही. तेव्हा :

• लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे आणि सर्वप्रथम माहितीची प्रत काढावी.
• मूळ विभाग माउंट करावा (‘बूट’ वेगळा असेल तर तोही). डेव्ह, प्रॉक, सिस जोडून सीएच-रूटने आत शिरावे.
• ‘ग्रब-इन्स्टॉल’ ज्या डिस्कवरून यंत्र सुरू होते त्या संपूर्ण डिस्कवर चालवावे, तिच्या विभागावर नव्हे. मग ‘अपडेट-ग्रब’.
• डेबियन घराण्यात ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ करून नोंदीतील डिस्क दुरुस्त करावी. नाहीतर पुढच्या अपडेटला हेच पुन्हा.

यूईएफआय यंत्रांत ईएफआय विभागही माउंट करावा लागतो.

१०/ मला यासाठी पेनड्राइव्ह मिळवण्यासह तीन दिवस लागले. छायाचित्रे एकूण एक शाबूत होती. फॉरमॅट केला असता, तर दारावरची सूची बदलण्यासाठी सगळे दप्तर जाळल्यासारखे झाले असते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांकडे गावोगावच्या शिलालेखांचे, मोडी कागदांचे फोटो एकाच डिस्कवर आहेत. आज दुसरी प्रत काढा. आणि यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू होते, ते एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या आत चिकटवा. माझ्या संगणकात ती चिठ्ठी अजून आहे.