परोपजीवी गांधीलमाश्यांची ओळख आणि जैविक कीड नियंत्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगररांगेत वसलेल्या तळेघर परिसरात भाताची खाचरे आढळतात, तर तालुक्याच्या पूर्व भागात ऊस हे महत्त्वाचे पीक आहे. या दोन्ही पिकांना खोडकिडीचा उपद्रव होतो. खोडकिडीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालून तिचा नाश करणारी ट्रायकोग्रामा ही सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी मित्रकीटक म्हणून परिचित आहे. मात्र भातासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम आणि उसासाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस या भिन्न प्रजातींची शिफारस केली जाते. डोळ्यांना सारख्याच भासणाऱ्या या कीटकांमधील भेद कसा उलगडत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नावांचा गोंधळ आणि त्याचे निराकरण :
ट्रायकोग्रामा हा वंश वेस्टवूड यांनी १८३३ मध्ये प्रस्थापित केला. त्यानंतर दीर्घकाळ प्रजातींची ओळख प्रामुख्याने शरीराच्या रंगावरून केली जात असे. परंतु हा रंग तापमानानुसार बदलतो. परिणामी भारतातील कीटकांना मिनुटम, इव्हॅनेसेन्स, ऑस्ट्रॅलिकम अशी परदेशी प्रजातींची नावे चिकटली. बंगळूर येथे १९५७ मध्ये राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र सुरू झाले. तेथील सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांनी १९६८ मध्ये संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये त्यांनी नराच्या जननेंद्रियांची रचना हाच ओळखीचा विश्वसनीय निकष असल्याचे दाखवून दिले. भारतात ऑस्ट्रॅलिकम म्हणून वाढविला जाणारा कीटक वस्तुतः चिलोनिस आहे, हेही १९७९ पर्यंत स्पष्ट झाले.

हा प्रश्न केवळ नावापुरता मर्यादित नव्हता. प्रजाती चुकीची ओळखली गेल्यास एका देशातील प्रयोगांचे निष्कर्ष दुसऱ्या देशात भलत्याच कीटकाला लावले जातात आणि त्याची किंमत अखेर शेतकऱ्यास मोजावी लागते.

नातेसंबंधांचे महत्त्व :
कपाशीवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ही कीड मूळची उत्तर अमेरिकेतील. तिच्यावर भारतात आढळलेल्या परोपजीवी कीटकाचे २००९ मध्ये एनॅसियस बंबावालेई या नावाने नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले. पुढे २०१४ मध्ये तो अमेरिकेतील एनॅसियस ॲरिझोनेन्सिस हाच असल्याचे मान्य झाले. म्हणजेच किडीप्रमाणे तिचा शत्रूही परदेशातूनच, कोणीही न आणता, येथे पोहोचला होता. याउलट पपईवरील पिठ्या ढेकणासाठी ॲसेरोफॅगस पपाई हा कीटक २०१० मध्ये पोर्टो रिकोहून हेतुपुरस्सर आणण्यात आला आणि त्यास मोठे यश लाभले. तेथे कीड व तिचा शत्रू यांची नेमकी ओळख आधीच झालेली होती.

जनुकीय विविधता :
१९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएनएमधील आयटीएस-२ या भागाच्या आधारे ट्रायकोग्रामाच्या प्रजाती ओळखण्याची पद्धती पुढे आली. केवळ माद्याच उपलब्ध असतील तेथे ती विशेष उपयुक्त ठरते. कारण नराचे अवयव पाहून ओळख पटविणे अशा वेळी शक्य नसते. वोल्बॅकिया या जिवाणूमुळे ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात, हे त्यापूर्वीच सिद्ध झाले होते.

एकाच प्रजातीतील विविधताही तितकीच मोलाची आहे. एन्डोसल्फान सहन करणारा 'एन्डोग्राम' हा चिलोनिसचाच वाण भारतात निवड पद्धतीने विकसित करण्यात आला होता. परंतु प्रयोगशाळेत तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या कीटकांत ही विविधता घटण्याचा धोका असतो. ट्रायकोग्रामाची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होत असल्याने वर्षभरात तीसहून अधिक पिढ्या बंदिस्त वातावरणात जातात. त्यामुळे शेतातील ताजे कीटक वेळोवेळी मिसळणे आवश्यक ठरते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जैविक नियंत्रणाचे यश कीटकांच्या संख्येइतकेच त्यांच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते. ट्रायकोकार्डवरील कीटकांचा मूळ साठा अखेर शेतशिवारातूनच येतो. म्हणून सह्याद्रीच्या कुशीतील भातखाचरे आणि त्यांलगतचे जंगल यांतील परोपजीवी गांधीलमाश्यांची पद्धतशीर नोंद होणे गरजेचे आहे. तळेघरसारख्या परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे कार्य हाती घेता येईल.