जपमाळ, मनन की मौन? कॅथलिक प्रार्थनेच्या परंपरा आणि त्यांतून निवड

म्हसवडमध्ये सिद्धनाथाला मानणाऱ्या घरातला कुणी आषाढीला पंढरीच्या वाटेला लागला, तर त्याने देव बदलला असे कोणी म्हणत नाही. कॅथलिक ख्रिस्ती समाजातही भक्तीच्या अशा अनेक वाटा शेजारी शेजारी नांदतात. फ्रान्सिस्कन, कार्मेलाइट, बेनेडिक्टाइन, इग्नेशियन ही नावे ऐकून हे वेगवेगळे पंथ असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते एकाच चर्चमधले प्रार्थनेचे आणि जगण्याचे वेगवेगळे वळण आहे. प्रश्न उरतो तो असा, की यांतले आपल्यासाठी कोणते आणि ते ठरवायचे कसे?

काय बदलत नाही?

कोणतीही परंपरा निवडली तरी श्रद्धेचा गाभा तोच राहतो. रविवारची मिस्सा, बाप्तिस्मा, पापनिवेदन असे संस्कार, बायबल आणि चर्चची शिकवण सर्वांना समान आहे. त्यामुळे ही निवड कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातल्या निवडीसारखी नाही. शिवाय ती सक्तीचीही नाही. कोणत्याच परंपरेचे नाव न लावता मिस्सा आणि रोजची साधी प्रार्थना यांवर आयुष्य काढणारे कॅथलिक असंख्य आहेत.

मुख्य परंपरा कोणत्या?

बेनेडिक्टाइन: सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीवर आधारलेली परंपरा. ठरलेल्या वेळी स्तोत्रे म्हणणे, काम आणि प्रार्थना यांचा तोल राखणे हा तिचा कणा. बायबलमधला छोटा उतारा सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचे, मग प्रार्थना करायची आणि शेवटी शांत राहायचे, ही चार पायऱ्यांची पद्धत याच मठपरंपरेत रुजली.

फ्रान्सिस्कन: असिसीचे संत फ्रान्सिस (मृत्यू १२२६) यांची वाट. साधी राहणी, गरिबांशी जवळीक आणि सृष्टीबद्दल आनंद. नाताळच्या गोठ्याची प्रथा त्यांनी १२२३ साली ग्रेचो या गावी मांडलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली.

कार्मेलाइट: मौन आणि अंतर्मुख प्रार्थना. आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) आणि क्रूसाचे संत योहान हे तिचे मोठे मार्गदर्शक. लिझ्यूच्या संत तेरेझा (१८७३–१८९७) यांनी रोजची लहान कामे प्रेमाने करण्याचा ‘लहान मार्ग’ दाखवला.

इग्नेशियन: येशूसंघाचे (जेज्वीट संघाचे) संस्थापक लोयोलाचे संत इग्नेशियस यांची पद्धत. शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा आणि त्यात स्वतः शिरायचे. दिवसाच्या शेवटी त्या दिवसाचा आढावा घ्यायचा. त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ साधारण ३० दिवसांची असते. मात्र घरी राहून, रोजची कामे सांभाळून ती काही महिन्यांत करण्याची सोयही त्यांनीच ठेवली आहे.

लोकभक्ती आणि कॅरिस्मॅटिक प्रार्थना: जपमाळ, नोव्हेना, यात्रा यांना वेगळे शिक्षण लागत नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि तिथे इतर धर्मांचे लोकही येतात. कॅरिस्मॅटिक चळवळ १९६७ साली अमेरिकेत सुरू झाली. मोठ्याने स्तुती, गाणी, सामूहिक प्रार्थना आणि पवित्र आत्म्याच्या कृपादानांवर भर, हे तिचे स्वरूप.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे

वसईत सोळाव्या शतकात जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे शिकले. त्यांच्याबरोबर ते जपानला गेले आणि तिथे धर्मशिक्षक म्हणून राबले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रूसावर मारले, त्यांत ते होते आणि येशूसंघाचे पॉल मिकीही होते. १८६२ मध्ये सर्वांना एकत्रच संतपद मिळाले. एक दार बंद झाले म्हणजे बोलावणे संपले असे नाही, हे या चरित्रातून दिसते.

दुसरे उदाहरण मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांचे. त्यांनी इग्नेशियन मननाला श्वासाकडे लक्ष देण्यासारख्या पौर्वात्य पद्धतींची जोड दिली. त्यांची लोणावळ्याची ‘साधना’ संस्था आणि त्याच नावाचे पुस्तक जगभर पोहोचले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातील काही विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नसल्याचा इशारा दिला. नवी पद्धत घेताना कॅथलिक माणसाने पाहायची गोष्ट इथे स्पष्ट होते: तंत्र कुठून आले याबरोबरच ते ख्रिस्ताकडे नेते का, हे तपासायचे.

निवड कशी करावी?

- स्वभाव ओळखा. चित्रे आणि गोष्टी मनाला भिडत असतील तर इग्नेशियन मनन, शांतता हवी असेल तर कार्मेलाइट वाट, चार लोकांत मन रमत असेल तर प्रार्थनागट, हातांनी सेवा करण्यात समाधान असेल तर फ्रान्सिस्कन वळण जवळचे वाटू शकते.
- जबाबदारी पाहा. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ सालीच लिहून ठेवले की भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला साजेशी हवी. तान्हे मूल असलेल्या आईने मठातले वेळापत्रक पाळू नये.
- एकच वाट काही महिने धरा. इग्नेशियस यांचा नियम असा, की मन कोरडे आणि उदास असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. कंटाळा आला म्हणून दर महिन्याला पद्धत बदलली, तर कोणतीच मुरत नाही.
- फळ पाहा. प्रार्थनेत काय ‘अनुभव’ आले यापेक्षा घरात आपला राग कमी झाला का, शेजाऱ्याबद्दल माया वाढली का, हे तपासा. आविलाच्या तेरेसांची कसोटीही हीच होती.
- जाणत्याला विचारा. धर्मग्रामाचे फादर, एखादी सिस्टर किंवा अनुभवी गृहस्थ मार्गदर्शक होऊ शकतात. आजार किंवा तीव्र नैराश्य असेल तर डॉक्टरांचे उपचार चालू ठेवावेत. औषध सोडायला सांगणाऱ्या गटापासून दूर राहावे.

औपचारिक नाते

फ्रान्सिस्कन आणि कार्मेलाइट परंपरांमध्ये संसारी माणसांसाठीही शाखा आहेत. त्यांत दीर्घ तयारीनंतर वचन दिले जाते, म्हणून घाई करू नये. वचन न देताही त्या परंपरेची प्रार्थना करता येते.

गट जवळ नसेल तर?

म्हसवडसारख्या लहान गावात हवा तो गट सापडेलच असे नाही. पण रोज शुभवर्तमानाच्या दहा ओळी, जपमाळेचे एक दशक आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटांचा दिवसाचा आढावा, यांसाठी कोणत्याही केंद्रात जावे लागत नाही. काही महिन्यांनी या तिन्हींतले कशाकडे मन आपोआप वळते ते पाहावे. पुढच्या निवडीची सुरुवात तिथूनच होते.